पहिलं टोपरं: दोन सुयांचं विणकाम शिकणाऱ्यांसाठी

अकरा वर्षांची असताना मावशीकडे हट्ट धरला, मला विणायला शिकव. मला वाटलं होतं ती लगेच सुया हातात देईल. तिने दिला एक विणलेला जुना तुकडा आणि म्हणाली, "आधी हे बघ. धागा कुठून येतो नि कुठे जातो ते मला सांग, मग सुया." मी खिडकीत बसून तासभर तो तुकडा ताणत, उलटापालटा करत बसले. त्या तासाने मला जे दिलं ते पुढे कुठल्याच नमुन्याने दिलं नाही. म्हणून हा लेखही मी त्याच क्रमाने लिहिते आहे. टाके घालायला कुणीही दहा मिनिटांत शिकवेल. वीण वाचता आली तर मात्र चूक झाली तरी घाबरायला होत नाही, आणि नवशिके विणकाम सोडून देतात ते नेमके त्या घाबरण्यामुळेच.

तेव्हा घरात एखादा विणलेला स्वेटर असेल तर तो आधी उजेडात घ्या. मशीनवरचा असला तरी चालेल, वीण तीच असते. सुलट बाजूने पाहिलंत तर गव्हाच्या ओंब्या शेजारी शेजारी उभ्या केल्यासारखं दिसेल. त्या ओंबीतला प्रत्येक दाणा म्हणजे दोन तिरप्या रेघा खाली एकत्र आलेल्या, तो एक टाका. आता मागची बाजू बघा. तिथे आडव्या मण्यांच्या ओळी दिसतील. हाही तोच टाका आहे, फक्त पाठीकडून पाहिलेला. सुलट आणि उलट ही दोन वेगळी कामं नाहीत, एकाच फासाची ती दोन तोंडं आहेत. दोन सुयांच्या विणकामात नवशिक्याला पुरतं एवढं सगळं या दोन टाक्यांत आहे.

मराठीत पैठणीही विणतात, टोपलीही विणतात, बाजही विणतात आणि स्वेटरही. क्रियापद एकच. पण मागावर उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच एकमेकांना अडवून बसतात. आपल्या विणकामात एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच फासांतून स्वतःला ओढत वर चढत जातो. म्हणून मोजा पायावर ताणला जातो आणि सोडला की पुन्हा आवळतो. धोतर तसं करत नाही. आणि म्हणूनच टोक सापडलं तर अख्खा स्वेटर उसवून पुन्हा गुंडा करता येतो. ही सोय दुसऱ्या फार थोड्या हस्तकलांत आहे. कापड चुकीचं कापलं की कापलं. इथे चुकलेलं सगळं परत लोकर होतं.

सामान

लोकरीच्या किंवा भरतकामाच्या सामानाच्या दुकानात जा आणि तीन गोष्टी मागा: डबल निट म्हणजे मध्यम जाडीची लोकर, पन्नास ग्रॅम, आठ नंबरच्या सुयांची जोडी आणि मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई. क्रोशाची एखादी सुई घरात असेल तर ती काढून ठेवा, नसेल तर तीही घ्या. गळालेला टाका उचलायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

लोकर गुळगुळीत आणि फिक्या रंगाची घ्या. पिवळा, आकाशी, पोपटी, काहीही. काळा, गडद निळा किंवा केसाळ धागा पहिल्या वेळी नको, कारण त्यात टाका दिसत नाही आणि आपल्याला तर बघायलाच शिकायचं आहे. कागदी पट्टीवर रंगाच्या नंबराजवळ लॉट नंबर छापलेला असतो. एकापेक्षा जास्त गुंडे घेत असाल तर तो सगळ्यांवर एकच आहे ना ते बघा. तोच रंग दुसऱ्या लॉटचा घेतला तर दुकानातल्या दिव्याखाली फरक कळत नाही, पण विणून झाल्यावर उन्हात पट्टा उठून दिसतो.

आपण "लोकर" म्हणतो त्यातली बरीचशी मेंढीची नसते, अॅक्रिलिक असते. लुधियानाच्या गिरण्यांतून दोन्ही येतं. पट्टी हरवलेला गुंडा घरात सापडला आणि ओळखायचा असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीजवळ पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. नवशिक्याने अॅक्रिलिक घ्यायला काहीच हरकत नाही. स्वस्त असतं, चारदा उसवलं तरी टिकतं, कसर लागत नाही आणि बाळाच्या कपड्यांना रोजची धुलाई सोसतं. फक्त त्यावर इस्त्री फिरवू नका, वीण कायमची चपटी होते.

सुयांच्या नंबराचा एक मोठा घोटाळा आहे, तो आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर ३.२५ मिलिमीटर, बारा नंबर २.७५. अमेरिकन नंबर अगदी उलटे चालतात, तिथला आठ नंबर म्हणजे ५ मिलिमीटरची जाड सुई. इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना वाचून दुकानातून आठ नंबर आणला की बाळाच्या मापाचं विणलेलं बाहुलीला होतं. यावर उपाय एकच, नंबर सोडून मिलिमीटर बघायचे. बहुतेक सुयांवर ते कोरलेले असतात.

अॅल्युमिनियमच्या सुया सगळीकडे मिळतात आणि चांगल्या असतात. मुंबई-कोकणात हाताला घाम येतो आणि धातूवर धागा चिकटून चालतो, तिथे बांबूच्या सुया सुखाच्या. शिवाय बांबूवरून टाके घसरत नाहीत, हाही नव्या हातांना आधार.

टाके घालणे

गुंड्याचं टोक सोडून साधारण हातभर अंतरावर एक सरकती गाठ मारा आणि ती सुईवर चढवून अलगद ओढा. हा पहिला टाका. सुई उजव्या हातात. मोकळं टोक डाव्या हाताच्या अंगठ्याभोवती असं गुंडाळा की अंगठ्यावर एक फास तयार होईल. सुईचं टोक त्या फासात खालून वर घाला. उजव्या हाताने गुंड्याकडचा धागा सुईच्या टोकाभोवती फिरवा. आता अंगठ्यावरचा फास सुईच्या टोकावरून पलीकडे काढा आणि टोक हलकेच ओढा. दुसरा टाका झाला. असे चोवीस घाला.

"हलकेच" या शब्दावर माझा जोर आहे. सगळे नवशिके आवळतात. टाका सुईवर पुढेमागे सरकला पाहिजे, रुतून बसता कामा नये. फार आवळत असेल तर दोन्ही सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या.

सुलट टाका असा. टाक्यांची सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात, धागा मागे. उजवी सुई पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला. धागा उजव्या सुईच्या टोकाखालून वर फिरवा. ते वेटोळं टाक्यातून पुढे ओढून आणा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. घाल, फिरव, ओढ, सोड. हे चार शब्द मनात म्हणत दहा ओळी विणा. पहिल्या तीन ओळी वेड्यावाकड्या होतील आणि त्या तशाच राहू द्या. पाचव्या ओळीच्या सुमारास हात बोलायला लागतात.

उलट टाक्यात धागा पुढे आणायचा, सुई टाक्यात पुढच्या बाजूने उजवीकडून डावीकडे घालायची, धागा टोकावरून फिरवायचा आणि वेटोळं मागे ढकलायचं. आरंभी हा अवघड वाटतो. कारण एवढंच, की हाताला नुकती सुलटची सवय झालेली असते.

सगळ्या ओळी सुलट विणल्या तर दोन्ही बाजूंना मण्यांचे बांध दिसतात. एक बांध म्हणजे दोन ओळी, म्हणजे ओळी मोजायला बांध मोजा आणि दुप्पट करा. एक ओळ सुलट, एक उलट विणलं तर समोर ओंब्या आणि मागे मणी. ही वीण गुळगुळीत दिसते, पण कडेने गुंडाळी होते, बाजू मागे वळतात, खालची-वरची कड पुढे. तुमचं काही चुकलेलं नाही, त्या विणीचा तो स्वभावच आहे. म्हणून खाली एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर देतात. त्यात ओढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते, कड सपाट बसते आणि रबरासारखी आवळते.

चुका ओळखणे

चोवीस टाके घातले आणि सहाव्या ओळीत एकोणतीस झाले, असं जवळजवळ प्रत्येकाचं होतं. दोन जागा तपासा. ओळीच्या आरंभी धागा सुईवरून मागे ओढला गेला असेल तर पहिला टाका उचलला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात, आपण दोन्ही विणून बसतो. ओळ सुरू करताना धागा सुईच्या खाली लोंबतो आहे ना ते बघायचं, बस. दुसरी जागा, धागा पुढे राहिला आणि तसाच सुलट टाका विणला. मग सुईवर एक आगाऊ वेटोळं येतं आणि खाली भोक पडतं. हेच मुद्दाम केलं की जाळीची वीण होते, पण ते पुढचं.

अर्ध्या ओळीत उठावं लागलं, दूध उतू चाललं, परत आलात आणि कुठून कुठे जायचं कळेना, असं झालं तर गुंड्याला जोडलेला धागा ज्या सुईवरून निघतो ती सुई उजव्या हातात घ्या. कधीच चुकणार नाही.

उसवून टाके पुन्हा सुईवर चढवताना प्रत्येक टाका घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. उजवा पाय पुढे हवा. डावा पुढे आला तर तो टाका पीळ पडून विणला जातो आणि ओंबीचा तेवढा दाणा मुरडलेला दिसतो.

आणि आता गळालेला टाका. याचीच सगळ्यांना धास्ती असते, म्हणून हे एकदा मुद्दाम करून बघा. ओंब्यांची वीण वीस ओळी झाली की मधला एक टाका सुईवरून खाली सोडा आणि कापड आडवं थोडं ताणा. फास एकेक ओळ खाली सरकेल आणि त्याच्या मागे आडव्या दोऱ्यांची शिडी उभी राहील. पाच पायऱ्या सुटू द्या. पोटात गोळा येईल, येऊ द्या. आता सुलट बाजू समोर धरून क्रोशाची सुई तळच्या फासात पुढून घाला. फासाच्या लगेच वर, मागच्या बाजूला, शिडीची सगळ्यात खालची पायरी आहे. ती आकड्यात धरा आणि फासातून पुढे ओढा. एक दाणा जागेवर बसला. मग पुढची पायरी, मग त्यापुढची. पाचव्या पायरीनंतर तो फास उजवा पाय पुढे ठेवून डाव्या सुईवर चढवा. शेजारच्या दोन ओंब्यांपेक्षा ही जरा सैल किंवा घट्ट दिसेल. बोटांनी आडवं-उभं ओढलं की मिसळून जाते. मावशीने हे माझ्याकडून एका दुपारी सात-आठ वेळा करून घेतलं होतं. त्यानंतर सुईवरून टाका सटकला म्हणून मी कधी ओरडले नाही.

नमुन्याचा चौकोन

आता टोपऱ्याकडे जाता येईल, पण त्याआधी तीस टाक्यांचा एक चौकोन ओंब्यांच्या विणीत विणा, निदान बारा सेंटिमीटर उंच. टेबलावर सपाट ठेवा, ताणू नका, कड सोडून मधल्या भागात फूटपट्टी ठेवा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. खालच्या मापाला २२ हवेत. २४ आले तर तुमचा हात आवळता आहे, सात नंबरची म्हणजे ४.५ मिलिमीटरची सुई घ्या. २० आले तर नऊ नंबर, ३.७५. हात बदलायचा प्रयत्न करू नका, सुई बदला.

दोन टाक्यांनी काय होतं असं वाटेल. ८० टाक्यांचं टोपरं २२ च्या हाताने ३६ सेंटिमीटर घेराचं होतं, २४ च्या हाताने ३३ आणि २० च्या हाताने ४०. म्हणजे एकात बाळाचं डोकं जात नाही आणि दुसरं नाकावर येतं. माझ्या पहिल्या स्वेटरला मी चौकोन केला नव्हता. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग विणून झाल्यावर लक्षात आलं की तो माझ्या भावाला दोन वर्षांनी झाला असता. तीन आठवड्यांचं काम मी एका संध्याकाळी उसवलं.

टोपरं

हे तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचं माप आहे. लोकर साधारण पस्तीस-चाळीस ग्रॅम लागेल.

८२ टाके घाला. मधले ८० टोपऱ्याचे, दोन्ही कडांचा एकेक शिलाईत जाण्यासाठी. मोकळं टोक आता हातभर पुरणार नाही, सव्वा मीटर सोडा.

एक सुलट, एक उलट अशी ३ सेंटिमीटर बॉर्डर. टाके सम आहेत म्हणून प्रत्येक ओळ सुलटनेच सुरू होईल. पण आकडा पाठ म्हणत बसू नका, समोरच्या टाक्याकडे बघा. ओंबीचा दाणा दिसला तर सुलट, मणी दिसला तर उलट. याच जागी वाचायला शिकल्याचं सुख कळतं. टीव्ही बघत, गप्पा मारत विणणाऱ्या बायका मोजत नसतात, त्या वाचत असतात.

मग एक ओळ सुलट, एक उलट, खालपासून एकूण उंची १० सेंटिमीटर होईपर्यंत. उलट ओळ विणून थांबा. इथे बोथट सुईत वेगळ्या रंगाचा दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून घालून ठेवा. पुढे काही बिघडलं तर या दोऱ्यापर्यंतच उसवेल, त्याच्या खाली जाणार नाही.

आता वरचा घुमट. एक टाका सुलट, मग "आठ सुलट, पुढचे दोन मिळून एक सुलट" असं आठ वेळा, शेवटी एक सुलट. सुईवर ७४ उरतील. पुढची ओळ पूर्ण उलट. नंतरच्या सुलट ओळीत आठच्या जागी सात, म्हणजे ६६ उरतील. मग उलट ओळ. मग सहा, मग पाच, असं उतरत जा, प्रत्येक वेळी आठ टाके कमी आणि मध्ये एक उलट ओळ. टाके कमी करायच्या शेवटच्या ओळीत कडेचे टाके सोडून सगळेच दोन-दोन मिळून विणले जातात आणि दहा उरतात. टाके कमी केलेल्या दर ओळीनंतर टाके मोजा. ५८, ५०, ४२, ३४, २६, १८, १०. आकडा जुळला नाही तर त्याच ओळीत शोधा, चूक तिथेच आहे. डोक्यावर आठ तिरप्या रेघा एका बिंदूकडे जाताना दिसू लागतात, तो भाग मला अजून दरवेळी आवडतो. ओळी आखूड होत जातात तसा हातही आपोआप वेग घेतो.

धागा हातभर ठेवून कापा, बोथट सुईत ओवा, दहाही टाक्यांतून काढा, सुई बाजूला करा आणि ओढा. तोंड मिटेल. त्याच धाग्याने मागची शिलाई वरून खाली घाला. दोन्ही कडा सुलट बाजूने शेजारी ठेवून, कडेच्या टाक्याच्या आतली आडवी दोरी एकदा इकडची, एकदा तिकडची उचलत जा. चार-पाच उचलून झाल्या की ओढा. दोन कडेचे टाके आत वळतात आणि शिवण दिसत नाही. उरलेली टोकं आतल्या मण्यांतून तीन-चार इंच ओवून, दिशा एकदा बदलून मग कापा. गाठ मारू नका. बाळ उताणं झोपतं, गाठ मागे टोचते.

बाळाच्या वस्तूंना लांब बंद, सैल बटणं आणि केसाळ लोकर नको. बंद लावायचेच तर आखूड. आणि घरात झोपवताना टोपरं काढून ठेवा.

पहिली धुलाई हाताने, गार पाण्यात. खरी लोकर असेल तर रिठ्याचं पाणी उत्तम. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरून वाळवा. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनाने वीण लांबते. खरी लोकर ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायची आपली पद्धत चांगलीच आहे, पण कसरीचा जीव मळलेल्या कपड्यावर जास्त. धुऊन, खडखडीत वाळवून मगच पेटीत ठेवा.

गुंड्यात अजून दहा-पंधरा ग्रॅम उरले असतील. चार बोटं जुळवून त्यांच्याभोवती साठ-सत्तर वेढे घ्या, मधोमध त्याच लोकरीने करकचून बांधा, दोन्हीकडचे वेढे कात्रीने उघडा आणि गोल कापत या. गोंडा तयार. बांधलेल्या धाग्याची दोन्ही टोकं टोपऱ्याच्या मिटलेल्या तोंडातून आत घ्या आणि आतून पक्की ओवून टाका, म्हणजे बाळाने ओढला तरी हातात येणार नाही.